पोरगी फोनमधून डोकं वर काढत नाही, तेव्हा आईनं काय करायचं?



दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीतली ही गोष्ट. बचत जमा झाली, हप्ते झाले, सचिव ताईंनी इतिवृत्त वाचून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. बाया उठून घरी गेल्या. एक ताई मात्र सतरंजीची घडी घालत मागे रेंगाळल्या. मला वाटलं, कर्जाचं काही विचारायचं असेल. पण त्या म्हणाल्या, "मॅडम, पोरगी हॉस्टेलवरून घरी आलीय, पण नसल्यासारखीच आहे. भिंतीकडं तोंड करून फोन बघत पडून राहते. जेवायला बोलावलं तर नुसतं हूं म्हणते. दोन विषय राहिलेत. तिचे वडील म्हणतात, फोन फोडतो आणि कॉलेजपण बंद करतो. आणि फोन तर मीच गटातून कर्ज काढून घेऊन दिला."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज भरून आला. त्या कर्जाचा एकही हप्ता त्यांनी चुकवला नव्हता. पोरीच्या शिक्षणासाठी घेतलेली वस्तू आता पोरीलाच खातेय, असं त्यांना वाटत होतं.

त्यांना विचारून, नाव-गाव न सांगता मी हे लिहितेय. कारण त्यानंतर ज्या ज्या गावात मी हा विषय काढला, तिथं एक-दोघी तरी म्हणाल्या, "आमच्याकडंपण असंच चाललंय." कुणाचा मुलगा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, कुणाची मुलगी नर्सिंगला आहे, कुणाचा डिप्लोमाला. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरातून पहिल्यांदाच कुणीतरी कॉलेजात गेलंय. त्या शिक्षणामागं आपल्या गटाचा पैसा आहे, आपली मजुरी आहे. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या.

फोन वापरणं वेगळं, फोनच्या ताब्यात जाणं वेगळं

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. कॉलेजच्या मुलांना फोन लागतोच. नोट्स व्हॉट्सॲपवर येतात, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो, निकाल फोनवर लागतो. पोरगी तासभर फोन घेऊन बसली म्हणजे तिला व्यसन लागलं, असं नाही. संध्याकाळी चार रील बघून हसली तरी काही बिघडत नाही. आपणही टीव्हीवरची मालिका बघतोच की.

मग काळजी कधी करायची? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मोबाईल-कॉम्प्युटरवरच्या गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतलं. सोशल मीडियाला, म्हणजे इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट यांना, त्या यादीत अजून वेगळं नाव नाही. म्हणून नुसते तास मोजून काही ठरवता येत नाही. बघायचं ते हे, की फोनमुळं बाकीचं आयुष्य मागं पडतंय का? झोप, जेवण, अभ्यास, माणसांशी बोलणं यातलं काय काय सुटलं? कमी करायचं ठरवूनही तिला कमी करता येत नाही का? आणि फोन हातात नसला की जीव कासावीस होतो का? या प्रश्नांची उत्तरं "हो" येत असतील, तर लक्ष घालायची वेळ आली.

फोन सुटत का नाही?

"आजकालच्या पोरांना वळणच नाही," असं आपण पटकन म्हणतो. पण यात पोरांच्या वळणापेक्षा फोनच्या बनावटीचा भाग मोठा आहे.

जत्रेतलं सोरट आठवा. दहा रुपये टाकले, चिठ्ठी काढली. बहुतेक वेळा काहीच लागत नाही. पण मध्येच कुणाला तरी स्टीलचा डबा लागतो. प्रत्येक वेळी डबाच मिळाला असता, तर दोन डबे घेऊन आपण घरी गेलो असतो. कधीच मिळाला नसता, तरी निघालो असतो. "पुढच्या चिठ्ठीत असेल" या आशेवर माणूस तिथंच उभं राहतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग करून हेच दाखवलं होतं. चोच मारल्यावर दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं केलं की कबूतर चोच मारतच राहतं.

फोनमध्येही सोरटच आहे. बोट वर सरकवलं की नवीन व्हिडिओ. चार रटाळ, पाचवा मजेशीर. आपल्या फोटोला कुणी लाईक दिलं का, हे बघायला दर पाच मिनिटांनी फोन उघडायचा. हे लाईकचं बटण फेसबुकवर २००९ मध्ये आलं.

दुसरं म्हणजे, याला शेवट नाही. पूर्वी इंटरनेटवर पान संपलं की पुढच्या पानासाठी बटण दाबावं लागायचं. २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या अमेरिकी तंत्रज्ञानं अशी सोय काढली, की पान संपतच नाही, खालून आपोआप नवीन येत राहतं. नंतर त्यानंच जाहीरपणे या शोधाबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. आपल्याकडं पंगतीत वाढणारी बाई निदान "अजून वाढू का गं?" असं विचारते. इथं कुणी विचारत नाही, ताट रिकामं व्हायच्या आत परत भरलेलं असतं. थांबायची जागाच नसेल, तर माणूस थांबणार कुठं?

तिसरी गोष्ट पैशाची, ती तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळते. ही ॲपं फुकट असतात, मग कंपनीला पैसा कुठून मिळतो? जाहिरातीतून. पोरगं जितका वेळ बघत राहील, तितक्या जाहिराती जास्त. आपण डेअरीला दूध घालतो, तशी ही कंपनी जाहिरातदाराला आपल्या पोरांचा वेळ घालते. म्हणून तो वेळ वाढावा अशीच सगळी मांडणी असते. एक ॲप बंद झालं म्हणून सुटका होत नाही. २०२० च्या जूनमध्ये आपल्या देशात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामवर रील्स आल्या.

एवढं कळलं की पोरांवरचा निम्मा राग उतरतो. एका बाजूला शेकडो हुशार माणसं बसून ॲप बनवतात आणि दुसऱ्या बाजूला हॉस्टेलच्या खोलीत एकटी बसलेली अठरा-एकोणीस वर्षांची आपली पोरगी. ही झुंज बरोबरीची नाही.

मनावर काय परिणाम होतो?

गावातून शहरात गेलेल्या पोरीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. वर्गात इंग्रजीत शिकवतात, अर्धं डोक्यावरून जातं. विचारायची लाज वाटते. मैत्रीण अजून झालेली नाही. रात्री खोलीवर आल्यावर फोन उघडते, तर कुणी फिरायला गेलंय, कुणाचे नवे कपडे, कुणाची नोकरी लागली. लोक फोनवर आपल्या आयुष्यातला सणाचा दिवस दाखवतात. रोजची पिठलं-भाकरी कुणी दाखवत नाही. ती मात्र आपल्या रोजच्या दिवसाची तुलना दुसऱ्याच्या सणाशी करते. "सगळ्यांचं चांगलं चाललंय, मीच मागं पडले," हे मनात घर करतं.

मग रात्री दोन वाजेपर्यंत फोन. सकाळी डोळा उघडत नाही, लेक्चर बुडतं. लेक्चर बुडालं की पुढचं कळत नाही. कळत नाही म्हणून भीती, आणि भीती विसरायला परत फोन. हे चक्र असं फिरतं. म्हणून फोनमुळं मन खचलं की मन खचलं म्हणून फोन, हे बऱ्याचदा सांगताच येत नाही. दोन्ही एकमेकाला धरून चालतात. यातूनच आपण महत्त्वाचं शिकायचं. नुसता फोन काढून घेतला, तर मूळ दुखणं तसंच राहतं.

पण फोन कमी केल्याचा फायदा होतो, हेही खरं आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांना सांगितलं, नेहमीसारखा वापर करा. बाकीच्यांना सांगितलं, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट दिवसाला दहा-दहा मिनिटंच. तीन आठवड्यांनी बघितलं, तर कमी वापरणाऱ्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली होती. यात फोन कुणीही फोडला नव्हता, कुणाचाही हिसकावून घेतला नव्हता. वापराला फक्त मर्यादा घातली होती.

हे माझंही झालं होतं

मी एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाला असताना हॉस्टेलवर माझीही हीच गत होती. दिवसा समुपदेशनाचा पेपर शिकायचे आणि रात्री तीनपर्यंत रील्स बघायचे. आई रोज फोन करायची. "जेवलीस का? अभ्यास झाला का?" मी म्हणायचे, "हो." दोन मिनिटांत फोन बंद. आईला खरं सांगायची हिंमत नव्हती. माझ्या फीसाठी तिनंही गटातूनच उचल घेतली होती. "तुझ्या पैशावर मी इथं नुसती लोळतेय," हे कोणत्या तोंडानं सांगणार?

एकदा आईनं वेगळंच विचारलं, "रात्री झोप लागते का गं तुला?" मला रडू कोसळलं. ती काही बोलली नाही, फोनही ठेवला नाही. मी रडले, मग सगळं सांगितलं. तिला इन्स्टाग्राम म्हणजे काय हे आजही धड माहीत नाही. पण त्या रात्रीपासून मी फोन रूममेटच्या कपाटात ठेवून झोपायला लागले.

म्हणून सांगते, फोनमधलं आपल्याला काही कळत नाही या विचारानं मागं सरू नका. पोराची झोप, भूक आणि आवाज आईला कळतो. तिथून सुरुवात होते.

घरात काय करायचं?

आधी विचारा, मग सांगा. "सारखा फोन, सारखा फोन" हे वाक्य पोरं ऐकूनही घेत नाहीत. त्याऐवजी विचारा, "कॉलेजात कुणाशी बोलतेस? वर्गातलं कळतं का? रात्री किती वाजता झोपतेस?" उत्तर लगेच मिळणार नाही. भाजी निवडताना, शेतावर जाताना, बसची वाट बघताना विचारा. समोर बसवून विचारलं की ती चौकशी वाटते.

फोन फोडू नका, अचानक हिसकावू नका. त्यानं मूल चोरून वापरायला शिकतं आणि आपल्याशी बोलणं बंद करतं. कमी करायचं ते दोघींनी ठरवून.

मुलीचं शिक्षण पणाला लावू नका. हे मी हात जोडून सांगते. मुलगा फोनमध्ये अडकला तर त्याला ओरडा बसतो. मुलगी अडकली तर "कॉलेज बंद, स्थळ बघा" इथपर्यंत गोष्ट जाते. हे मुलींना पक्कं ठाऊक असतं. म्हणून कुणी फोनवर त्रास देत असला, फोटोवरून धमकी देत असला, तरी त्या घरी सांगत नाहीत. "काहीही झालं तरी तुझं शिक्षण थांबणार नाही," हे आज, काही झालेलं नसतानाच तिला सांगून ठेवा. फोटोवरून धमकी किंवा पैशाची फसवणूक झाली तर १९३० हा सायबर मदतीचा क्रमांक आहे.

हिशोब ठेवा. आपल्या गटाची ताकद कशात आहे? नोंदीत. तेच इथं करायचं. बहुतेक फोनच्या सेटिंगमध्ये "डिजिटल वेलबीइंग" असतं. कोणत्या ॲपवर आज किती वेळ गेला, ते तिथं दिसतं. मुलीला म्हणा, "मला दाखव बरं कसं बघायचं ते. आधी माझ्या फोनचं बघू." आठवडाभर दोघींचे आकडे वहीत लिहा. त्यावर ओरडायचं नाही, नुसतं लिहायचं. मग त्यातला अर्धा तास वाचवायचा. बचत आपण दहा-वीस रुपयांपासूनच सुरू केली होती ना?

झोपताना फोन उशाशी नको. चार्जिंग स्वयंपाकघरात किंवा पडवीत लावा. गजराला साधं घड्याळ आणा. झोप सुधारली की मन सावरायला मदत होते.

नियम सगळ्यांना सारखा. जेवताना फोन नाही, तर बाबांनाही नाही आणि आपल्यालाही नाही. आपण स्वतः युट्यूबवर डोळे लावून पोरीला उपदेश केला, तर ती कशाला ऐकेल?

रिकामी जागा भरा. फोन सुटला की तो वेळ खायला उठतो. दळण आणणं असो, गोठ्यातलं काम, कबड्डी, ग्रंथालय किंवा जुन्या मैत्रिणीला भेटणं, काहीतरी हाताशी हवं. तुमच्या गटाचा हिशोब तपासायला तिला बसवा. आपली गरज आहे असं तिला वाटू द्या.

ही लक्षणं दिसली तर वाट बघू नका

दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदासी, अंघोळ-जेवण टाळणं, रात्र-रात्र जागरण, आवडीचं सगळं सोडून देणं, सारखी चिडचिड किंवा रडणं, पैशाची सारखी मागणी, परीक्षेला बसायलाच नकार. यातलं बरंच काही एकत्र दिसलं तर बाहेरची मदत घ्या. ताप आला की आपण दवाखान्यात जातो, तसंच हे.

"जगून काय उपयोग", "मी नसले तरी काय फरक पडतो" असं बोलणं आलं तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का तुला?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळं व्हायला वाट मिळते. तिला एकटं सोडू नका. घरात फवारणीचं औषध असेल तर ते लगेच कुलपात टाका किंवा घराबाहेर हलवा, किल्ली स्वतःजवळ ठेवा. आणि त्याच दिवशी मदत मागा. जिवाला लगेच धोका वाटला तर थेट जवळचं सरकारी रुग्णालय गाठा किंवा ११२ वर फोन करा.

मदत कुठं मिळते? १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. मुलगी बोलायला तयार नसेल तर आईनं फोन करून विचारलं तरी चालतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. फोन-इंटरनेटच्या सवयीवर उपचार देणारा वेगळा दवाखाना बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत २०१४ मध्येच सुरू झाला. म्हणजे हा त्रास खरा आहे आणि त्यावर इलाजही आहे. गंडेदोरे आणि अंगात आल्याच्या गोष्टींत वेळ घालवू नका.

गटात आणि गावात काय करता येईल?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. कोरोनाच्या काळात मुलांचा अभ्यास फोनवर गेला आणि मग मुलं फोनवरच राहिली. २०२२ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावातल्या बायांनी आणि ग्रामपंचायतीनं मिळून ठरवलं. रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो, घराघरात टीव्ही आणि मोबाईल बंद होतात. साडेआठला परत भोंगा. त्या दीड तासात मुलं अभ्यास करतात, माणसं एकमेकांशी बोलतात. आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, समजावलं. सुरुवातीला लोक हसलेही असतील. पण एका घरानं फोन बंद ठेवणं अवघड, आणि अख्ख्या गावानं ठेवणं सोपं. गटात आपण हेच तर शिकलो. एकटीनं बचत होत नव्हती, दहा जणींनी मिळून झाली.

आपली मुलं शहरात आहेत, तिथं आपला भोंगा पोचणार नाही. पण आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे, शिक्षणही आहे. पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर पंधरा मिनिटं या विषयाला द्या. प्रत्येकीनं एवढंच सांगायचं, की आपलं मूल कसं आहे. एकीचं ऐकून दुसरीला धीर येतो. जे बोललं जाईल ते गटाबाहेर जाणार नाही, हा नियम आधी करा. आणि १४४१६ हा आकडा गटाच्या इतिवृत्त वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता सुरुवातीच्या त्या ताईंचं सांगते. त्यांनी मुलीला रागावणं थांबवलं आणि चार दिवस नुसतं जवळ बसायला लागल्या. पाचव्या दिवशी मुलगी बोलली. वर्गातलं इंग्रजी कळत नव्हतं, खोलीतल्या मुली चेष्टा करायच्या, म्हणून ती दिवसचे दिवस खोलीतच पडून असायची. मायलेकींनी मिळून १४४१६ ला फोन केला. वडिलांना समजवायला गटाच्या अध्यक्ष ताई स्वतः घरी गेल्या. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. एक विषय अजून राहिलाय, आणि काही रात्री अजूनही जागरण होतं. पण ती परत कॉलेजला गेलीय आणि रोज रात्री नऊ वाजता आईला फोन करते. आई विचारते, "आज कुणाशी बोललीस?"

परवा त्या मला म्हणाल्या, "मॅडम, कर्ज काढून फोन घेतला ते चुकलं नाही ना माझं?"

नाही चुकलं ताई. तुम्ही तो तिच्या शिक्षणासाठी घेतला होता. आता त्याच फोनवरून ती रोज तुमच्याशी बोलते.

तुमच्या गटात काय ठरलं, ते माझ्या पुढच्या भेटीत नक्की सांगा.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक